नसते उद्योग

मराठीतल्या 'उद्योग' या शब्दाचे दोन संसार आहेत. एका संसारात औद्योगिक वसाहती, उद्योगमंत्री आणि भागधारकांच्या वार्षिक सभा सुखाने नांदतात. दुसऱ्या संसारात दीड-दोन वर्षांचं एक मूल ओट्याखालच्या कपाटात कमरेपर्यंत शिरलेलं असतं आणि बाहेरच्या खोलीतून आवाज येतो, 'काय रे, काय उद्योग चाललेत?' हा प्रश्न गोंगाट ऐकून कुणी विचारत नाही, शांतता ऐकून विचारतात. या वयाचं मूल आणि शांतता पाच मिनिटांहून जास्त वेळ एका घरात असतील, तर एकतर मूल झोपलेलं असतं किंवा पोह्यांचा डबा उघडलेला असतो. पहिल्या प्रकारच्या उद्योगाला सरकार जमीन, पाणी आणि करसवलत देतं. दुसऱ्याला पूर्वी धपाटा मिळायचा, आता 'नो बेटा' मिळतं. वास्तविक कच्चा माल, श्रम, वाहतूक, साठवण आणि प्रदूषण हे सगळं कारखान्यात असतं तितकंच त्या कपाटातही असतं. शिवाय पाळी संपली तरी कामगार जागचा हलायला तयार नसतो, हे तर कुठल्याही कारखानदाराला आजवर साधलेलं नाही. तरी आपण त्याला 'नसते उद्योग' म्हणतो. माझं म्हणणं असं की या वयाच्या मुलांच्या बाबतीत 'असते' आणि 'नसते' यांची आपण अदलाबदल केली आहे. कपाटातला उद्योग अगदी असता आहे. नसता उद्योग घरात शिरला आहे तो 'ॲक्टिव्हिटी' या नावाने.

ॲक्टिव्हिटी म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी सध्या लहान मूल नाही त्यांना समजावून सांगायला हवं. मूल रात्री झोपलं की आई, आणि हल्ली काही घरांत बाबाही, फोन उघडून मुलाला स्क्रीनशिवाय कसं रमवावं याचे व्हिडिओ बघायला बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे एक वर्षाच्या मुलाला स्क्रीन दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला तासाभराहून जास्त दाखवू नये. स्क्रीन टाळण्याचे उपाय आईबापांनी स्क्रीनवर किती तास बघावेत याबद्दल संघटना गप्प आहे. व्हिडिओ बघून झाला की शेरभर तांदूळ व्हिनेगर आणि खायचा रंग घालून निळा करायचा, वर्तमानपत्रावर वाळत टाकायचा, पुठ्ठ्याचे मासे कापायचे, त्यांना डोळे चिकटवायचे आणि सगळं एका पसरट टबात मांडायचं. याला सेन्सरी बिन म्हणतात. सकाळी मूल त्या समुद्रासमोर आणून बसवलं जातं. ते क्षणभर विचार करतं, टब उलटा करतं, तो डोक्यावर घालतं आणि भिंतीवर जाऊन आपटतं. समुद्र सोफ्याखाली जातो. आता यात हाताने काम करत शिकलं कोण? मोजलं कुणी, मिसळलं कुणी, कातरलं कुणी, चिकटवलं कुणी, आणि शेवटी गुडघ्यांवर बसून एकेक दाणा चिमटीत धरून वेचला कुणी? बोटांच्या स्नायूंचा विकास झाला तो आईच्या. मुलाने फक्त टबाचं संशोधन केलं, आणि ते त्याला रिकाम्या टबावरही करता आलं असतं.

गंमत म्हणजे हे ज्या बाईंच्या नावाने विकलं जातं, त्यांची सुरुवात नेमकी नसत्या उद्योगांपासून झाली. रोममध्ये सॅन लोरेंझो नावाची गरिबांची वस्ती होती. तिथल्या इमारती एका कंपनीने दुरुस्त करून भाड्याने दिल्या. आईबाप दिवसभर कामावर जात आणि मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करत. भिंती वाचाव्यात म्हणून मालकांनी पोरांना एका खोलीत एकत्र ठेवायचं ठरवलं आणि देखरेखीला एक डॉक्टरीणबाई बोलावल्या. ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झालेली ही खोली म्हणजे मारिया माँटेसरींचं पहिलं बालगृह. बालशिक्षणातल्या एवढ्या मोठ्या क्रांतीचा उगम रंग उडालेल्या भिंतींच्या काळजीत आहे, हे भाड्याच्या घरात राहणाऱ्या आईबापांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. श्रीमंत बायकांनी त्या मुलांना महागडी खेळणी भेट दिली होती. मुलं त्यांच्याकडे वळली नाहीत, हे पाहून बाई चकित झाल्या. मुलांना ओतायचं होतं, पुसायचं होतं, झाडायचं होतं, बटणं लावायची होती. एके दिवशी बाईंनी त्यांना नाक कसं शिंकरावं याचा धडा दिला. रुमाल कसा धरायचा, आवाज कसा होऊ द्यायचा नाही, सगळं हळूहळू करून दाखवलं. मुलं श्वास रोखून बघत राहिली आणि धडा संपल्यावर त्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. बाईंनी त्याचा अर्थ असा लावला की शेंबडावरून या मुलांना रोज सगळे बोलत होते, पण तो काढायचा कसा हे कुणी शांतपणे शिकवलंच नव्हतं. आज माँटेसरी या नावावर लाकडी ठोकळ्यांचे संच विकले जातात. रुमालाची पेटी काही कुणी काढलेली दिसत नाही, त्यात नफा कमी असावा.

बरं, हातानेच का? नुसतं बघून मूल शिकत नाही का? शिकतं, पण किती, हे मांजराच्या पिल्लांनी १९६३ साली दाखवून दिलं. रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन या अमेरिकी संशोधकांनी अंधारात वाढवलेल्या पिल्लांच्या जोड्या घेतल्या आणि त्यांना जत्रेतल्या चक्रासारख्या एका यंत्राला जोडलं. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले, दुसरं टोपलीत बसून त्याच्याबरोबर फिरे. दोघांना दिसणाऱ्या गोष्टी सारख्याच. पण पुढे चालणाऱ्या पिल्लाला अंतराचा अंदाज नीट आला आणि टोपलीतल्या संस्थानिकाला टेबलाच्या कडेवर पंजासुद्धा धड टेकता येईना. या प्रयोगाची आठवण मला दर वर्षी बालवाड्यांच्या प्रदर्शनात येते. भिंतीवर ओळीने फुलपाखरं लावलेली असतात, सगळ्यांचे पंख सारखे, कडा सरळ, डिंक एका रेषेत. खाली अडीच वर्षांच्या कलावंतांची नावं असतात. प्रत्येक फुलपाखरामागे एक आई चाललेली असते आणि एक मूल टोपलीत बसलेलं असतं.

मुलाला टोपलीतून उतरवलं की ते काय करतं, तर वस्तू खाली टाकतं. चमचा टाकतं, तो उचलून दिला की पुन्हा टाकतं, तोही थोडा डावीकडे. आपल्याला वाटतं, हे आपली परीक्षा बघतंय. जाँ पियाजे या स्विस संशोधकाने आपला मुलगा लोराँ याला असंच करताना पाहिलं. वर्षाच्या आतबाहेरचं हे पोर हातातली वस्तू कधी वरून, कधी बाजूने सोडून ती कुठे पडते ते निरखत होतं. आपल्याकडे अशा वेळी 'ठेव ते!' म्हणतात. पियाजेने वही काढली. त्याच्या तीन मुलांच्या अशाच उद्योगांच्या नोंदींतून बालमानसशास्त्राचा एक मोठा भाग उभा राहिला. त्या घरात ते पडलेलं सगळं उचललं कुणी, याची नोंद मात्र जगप्रसिद्ध झालेली नाही.

असे उद्योग आपल्याकडेही आहेत, फक्त त्यांना साधी नावं आहेत. मटार सोलायला बसवलेल्या मुलाच्या चिमटीची पकड तयार होते. कढीपत्त्याची पानं देठावरून ओढताना तीच पकड आणखी बारीक होते. भांडी पालथी-उलथी करताना मोठ्यात लहान जातं, लहानात मोठं जात नाही हे कळतं. एकात एक बसणाऱ्या रंगीत प्लास्टिकच्या वाट्या विकत आणल्या की हेच ज्ञान मिळतं, फक्त त्याला बिल येतं. आणि कणीक! पोळ्या चालू असताना लुडबुडणाऱ्या पोराला कणकेची गोळी देऊन 'कर चिमणी' म्हणायची पद्धत मराठी घरांत इतकी जुनी आहे की तिचा जनक शोधायला कुणी गेलेलं नाही. अमेरिकेत मात्र या शोधाचा इतिहास तपशिलासकट सापडतो. घरं कोळशाच्या शेगड्यांनी तापवली जात तेव्हा भिंतींवरच्या कागदाला काजळी धरे. ती पुसायला पीठ, मीठ आणि पाण्याचा एक लगदा डब्यात भरून विकला जाई. पुढे गॅस आणि तेलाच्या शेगड्या आल्या, काजळी गेली आणि लगद्याचा धंदा बसायची वेळ आली. तेवढ्यात एका बालवाडीच्या शिक्षिकेने तो मुलांच्या हातात दिला, आणि १९५६ पासून तोच 'प्ले-डो' म्हणून खेळण्यांच्या दुकानात गेला. म्हणजे त्यांच्याकडे भिंत पुसायच्या लगद्याची बढती होऊन खेळणं झालं. आपण परातीतली कणीक मुलाच्या हातून काढून घेतो, 'अन्नाशी खेळू नये' म्हणतो आणि संध्याकाळी तो डबा विकत आणतो. तीन रंगांचा. रात्रीपर्यंत ते तीन रंग मिळून एकच होतात. तो कुठला रंग, हे ज्यांच्या गालिच्यावर तो आहे त्यांना विचारावं.

यावर कुणी म्हणेल, घरातली कामं मुलांना का आवडतील? आपल्यालाच आवडत नाहीत. हा आक्षेप प्रौढांच्या अनुभवावर उभा आहे, आणि तिथेच तो फसतो. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतल्या फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये दीड वर्षाच्या २४ मुलांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रयोग करणारा माणूस दोरीवर कपडे वाळत घालतोय, त्याच्या हातून चिमटा पडतो, त्याचा हात पोचत नाही. मूल तुरुतुरु जातं, चिमटा उचलतं आणि त्याला देतं. २४ पैकी २२ मुलांनी असल्या कुठल्या ना कुठल्या कामात मदत केली, तीही कुणी न सांगता. चिमटा मुद्दाम फेकला तर मात्र मुलं सहसा उठली नाहीत. पडणं आणि टाकणं यांतला फरक दीड वर्षाच्या मुलाला कळतो. स्वतःच्या चमच्याला तो नियम ते लावत नाही, ही गोष्ट वेगळी. त्याच दोघांनी दोन वर्षांनी आणखी एक गोष्ट दाखवली. वीस महिन्यांच्या ज्या मुलांना मदतीबद्दल खेळणं बक्षीस दिलं, ती पुढे बक्षीस थांबल्यावर कमी मदत करू लागली. ज्यांना काहीच दिलं नव्हतं ती करतच राहिली. तेव्हा फ्रिजवर तक्ता लावून 'चमचा ठेवला, एक चांदणी' असा हिशोब सुरू करणाऱ्यांनी जरा थांबावं. फुकट राबणाऱ्या कामगाराला पगाराची सवय लावायची गरज कुणाला पडावी?

आता गंभीर आक्षेप. पहिला वेळेचा. मुलाने मटार सोलले तर पावशेराला तास लागतो, त्यातले निम्मे पोटात जातात आणि उरलेल्यांवर पाय पडतो. सकाळी आठची लोकल पकडणाऱ्या बाईला हे ऐकवणाऱ्याच्या हातात लाटणं देऊन तिने निघून जावं, हेच योग्य. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. फक्त तो ॲक्टिव्हिटीलाही तितकाच लागू आहे. निळ्या तांदळालाही तास लागतो, आणि त्याचा भात होत नाही. घाई असेल त्या दिवशी मुलाला काही शिकवू नये. रविवारी चिमट्यांची टोपली खाली ठेवावी. दुसरा आक्षेप याहून पक्का आहे: घरात आता काम उरलंय कुठे? धुणं यंत्रात जातं, पीठ गिरणीतून किंवा पिशवीतून येतं, मटार सोललेले आणि गोठवलेले मिळतात, स्वयंपाकाच्या मावशी सकाळी सातला येऊन पावणेआठला जातात. आईबाप जे काम करतात ते लॅपटॉपवर, आणि त्यात मुलाने मदत केली तर नोकरी जाते. ज्या घरातलं काम असं यंत्रांच्या आणि मावशींच्या मागे दिसेनासं झालं, तिथे मूल काय बघून काय करणार? अशा घरात ॲक्टिव्हिटीचा खोका म्हणजे हरवलेल्या कामाची प्रतिकृती असते, आणि तिला मी हसणार नाही. एवढंच सांगेन की खोक्यात थोडं असावं. टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी ३६ लहान मुलांना एकदा ४ खेळणी आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिलं. चारच असताना मुलं प्रत्येकाशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. हे २०१८ साली प्रसिद्ध झालं. त्यानंतर आलेल्या वाढदिवसांवर त्याचा काही परिणाम झालेला दिसत नाही.

पैसे नसले की खोका कसा भरायचा, हे तर आपल्याकडे फार आधी करून झालं आहे. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर माँटेसरी पद्धत शिकल्या आणि राबवू लागल्या. १९४५ मध्ये बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा परदेशी साधनं परवडण्यासारखी नव्हती. मग शिंपले, बिया, पानं, गोटे, काड्या अशी साधनं झाली. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी हा शब्द जन्माला आला. पुढे १९५७ पासून त्या आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये काम करत राहिल्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. गुरं चरताहेत आणि पोरं पानं मोजताहेत, हे चित्र आज कुणी शहराबाहेर भरवलं तर त्याला निसर्गशिबिर म्हणतील आणि नावनोंदणी दोन महिने आधी बंद होईल.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. इथे विनोद बाजूला ठेवतो. तीन-चार वर्षांच्या आतल्या मुलाच्या श्वासनलिकेत शेंगदाणा, हरभरा, राजमा अडकू शकतो. नाकात गेलेला वाटाणा फुगतो. खेळण्यातली बटणासारखी बॅटरी गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. पाण्याने अर्धी भरलेली बादलीही घात करते. तेव्हा मटारालासुद्धा शेजारी मोठं माणूस हवं, आणि पुरतं वर्ष न झालेल्या पोरापुढे तर बटाटे, कांदे, वाट्या, डाव, झाकणं अशा मुठीत न मावणाऱ्या वस्तूच बऱ्या. पण हा आक्षेप स्वयंपाकघराविरुद्ध घेणाऱ्यांनी त्या सेन्सरी बिनमध्ये काय असतं तेही बघावं. राजमा, मणी, लहान बटणं. फरक एवढाच की ओट्याजवळ आपण घाबरून उभे असतो आणि टबाजवळ आपण फोटो काढत असतो.

चौथा आक्षेप मात्र बोचरा आहे. ही सगळी आजीच्या काळाची भलामण आहे, आणि आजीच्या काळात कुणाला कामाला लावत होते? मुलीला. भातुकली तिची, लाटणं तिचं, छोटा झाडू तिचा. मुलाला गाडी आणि चेंडू. हे खरं आहे, आणि आजीच्या घरात आठ पोरांकडे निरखून बघायला कुणाला सवड नव्हती हेही खरं. पण यात दोन वर्षांच्या मुलाचा काही हात नाही. झाडू दिसला की मुलगाही त्यावर झेप घेतो, मुलीइतकीच. कचरा एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेण्याचं त्याला जे वेड असतं ते कुणी शिकवलेलं नसतं. ते सोडवायला मात्र घरातले सगळे झटतात. 'अगं, त्याच्या हातात झाडू काय देतेस!' आजी. 'जा, तू खेळ जा,' आई. 'चल, आपण बॉल खेळू,' बाबा. दोन वर्षांच्या वयात त्याचा दिवसभराचा धंदा एकच असतो: इकडची काडी तिकडे आणि तिकडची इकडे. चार वर्षं रोज हे ऐकून शेवटी त्याला पटतं की काम करणं म्हणजे घरातल्यांना अडथळा. मग तो खेळायला जातो. आठव्या वर्षी एका संध्याकाळी पाहुणे आलेले असतात, जेवणं झालेली असतात, ताट तसंच ठेवून तो उठतो, आणि आई कौतुक आणि वैताग यांच्या मधल्या आवाजात सांगते, 'काय सांगू वहिनी, घरात इकडची काडी तिकडे करत नाही!'